नववीच्या क्षेत्रभेटीला मुंबईहून कुठे न्यावं? दगड आणि वीज, दोन्ही दाखवायचंय

भूगोलबाई_विक्रोळी

नमस्कार मंडळी. मी विक्रोळीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवते. यंदा सतरावं वर्ष. सतरा वर्षं मी फळ्यावर 'दख्खनचे पठार लाव्हारसाच्या थरांपासून बनले आहे' असं लिहितेय, पण त्यातला एकही थर मुलांना बोट लावून दाखवलेला नाही. दहावीच्या भूगोलात 'क्षेत्रभेट' हा पहिलाच धडा आहे. बहुतेक शाळांत तो बाकावर बसून होतो. आमच्याकडेही.

गेल्या वर्षी प्रयत्न केला होता. एका नामांकित संस्थेच्या 'हरित ऊर्जा केंद्रा'त मुलांना नेलं. दोन तास एसी हॉलमध्ये इंग्रजी स्लाइड्स, मग प्रत्येकाला टोपी, आंब्याचा ज्यूस आणि पवनचक्कीच्या मॉडेलसमोर फोटो. ते मॉडेल झोकात गरगरत होतं. आमच्या वर्गातला एक मुलगा, जो परीक्षेत मला कोरा पेपर देतो, तो मॉडेलच्या मागे गेला, वायर धरून धरून भिंतीपर्यंत पोचला आणि तिथून ओरडला, "बाई, ही तर प्लगला लावलीय! ही वीज बनवतेय का खातेय?" तिथले साहेब हसले आणि पुढच्या दालनात चला म्हणाले. परतीच्या बसमध्ये तोच प्रश्न सगळ्या मुलांच्या तोंडी, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर मलाच राग आला होता, पण ज्यूस फुकट मिळाल्यामुळे कुणाला काही बोलताही येईना.

तर यंदा मला असं ठिकाण हवंय, जिथे पायाखालचा दगड आणि घरातली वीज यांचा खरोखर काही संबंध आहे. सध्या 'स्वच्छ ऊर्जा' सगळीकडे ऐकू येतं. पण सौर पॅनल दाखवायला सहल कशाला, समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर आहेत.

मुलं ४६, शिक्षक तीन, शिपाईमामा एक. दर मुलामागे ४०० रुपयांच्या आत. एका दिवसात परत. मुलींसाठी स्वच्छतागृह असलेली जागा. जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा शनिवार. कुठे न्यावं?

दादरकर७१

नेहरू सायन्स सेंटर. वरळी. एसी आहे, कॅन्टीन आहे, विषय संपला.

भूगोलबाई_विक्रोळी

ते चांगलंच आहे, दोनदा नेलंय. पण छपराखाली नकोय हो यंदा.

बेसाल्टकाका

बाई, मी एका कॉलेजच्या भूशास्त्र विभागात एकतीस वर्षं डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे प्राध्यापक बोलायचे आणि मी दगड फोडायचो. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, बायकोने घरातले नमुने बाल्कनीत काढलेत, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून हात शिवशिवले. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

दोन ठिकाणं सांगतो. एकाच दिवशी करू नका, वेगवेगळ्या शनिवारी करा. पहिलं अंधेरी पश्चिमेचं गिल्बर्ट हिल. तुम्हाला विक्रोळीहून घाटकोपर आणि तिथून मेट्रो, खर्च जवळपास नाहीच. दाटीवाटीच्या इमारतींमधून मान वर केली की ६१ मीटर उंचीचा काळा कातळ सरळ उभा दिसतो. त्यावर उभ्या रेषा दिसतील. त्या रेषा म्हणजे खांब. जाड लाव्हा सावकाश निवला की आकसतो, आकसला की तडकतो, आणि तडा वरून खाली उतरत जाऊन खांब सुटे होतात. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ वाळून तडकतो तसंच, फक्त इथे तडे कित्येक मीटर आत गेलेत. आजूबाजूचा बराच दगड खाणवाल्यांनी नेला, हा तुकडा राहिला. २००७ मध्ये महापालिकेने त्याला वारसा दर्जा दिला. माथ्यावर गावदेवीचं मंदिर आहे, कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी वर जाता येतं. मुलांना सांगा, खांबाच्या बाजू मोजा. पुस्तकात सगळे षट्कोनी असतात, तिथे नसतात.

आणि त्यांना हेही सांगा की हा लाव्हा एका दिवसात आला नाही. थर येऊन निवायचा, मग बराच काळ शांतता, तळी साचायची, झाडं उगवायची, मग पुढचा थर. वरळीला अशा दोन थरांमधल्या गाळाच्या खडकात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. १८४७ मध्येच त्यांचं वर्णन छापून आलं. आज त्यांना इंडोबॅट्रॅकस म्हणतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वरळीत बेडूक डरावत होते, यावर मुलं तुम्हाला अर्धा तास सोडणार नाहीत.

दुसरं ठिकाण खोपोली. तिथे तुमचा दगड आणि वीज एकमेकांना भेटतात.

'डेक्कन ट्रॅप' असं इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं असतं. त्यातला 'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेत पायरीला जो शब्द आहे, त्यावरून तो आला. लाव्हाचे थर एकावर एक, काही कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ झिजतात, कठीण उभे राहतात, म्हणून सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो आणि कोकणच्या बाजूला कडा तुटल्यासारखा खाली येतो. या कड्याच्या माथ्यावर लोणावळ्याला पाऊस धो धो पडतो आणि ते पाणी स्वभावाने पूर्वेला जातं. इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरात. टाटांच्या लोकांनी काय केलं, तर ते पाणी लोणावळा, वळवण, शिरवटा इथे अडवलं आणि नळांतून पश्चिमेला, कड्याखाली सोडलं. १९१५ पासून खोपोलीला त्याची वीज होतेय आणि ती मुंबईच्या गिरण्यांना आली. लालबाग-परळच्या ज्या मुलांचे पणजोबा गिरणीत होते, त्यांच्या मागावर हे पाणी फिरलंय.

आता गणित. मुलांकडूनच करून घ्या, तुम्ही सांगू नका. गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या. तेवढं पाणी खोपोलीत पाचशे मीटरवरून खाली येतं असं धरा. १००० किलो गुणिले ९.८ गुणिले ५००, म्हणजे ४९ लाख ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. सव्वा ते दीड युनिटच्या मधे काहीतरी, थोडं यंत्रात वाया जाणार. तीच टाकी सात मजली इमारतीवरून, वीस मीटरवरून सोडली तर पंचविसावा हिस्सा. एक एलईडी दिवा चार-पाच तास, बस्स. पाणी तेच. फरक कड्याचा. आणि कडा कुणी केला? गिल्बर्ट हिल ज्या लाव्हाच्या कुटुंबातलं आहे, त्यानेच.

आत पॉवर हाऊसमध्ये परवानगीशिवाय सोडत नाहीत, त्यासाठी आधी पत्रव्यवहार करावा लागेल. पण डोंगरउतारावरून खाली येणारे ते अवाढव्य नळ बाहेरूनही दिसतात आणि माझ्या मते तेवढं पुरे.

टरबाईनवाला

काकांनी छान सांगितलं. मी जलविद्युतमध्येच नोकरी केली (कुठे ते राहू द्या). दोन गोष्टी जोडतो.

एवढ्या उंचीवरून येणाऱ्या पाण्याला पेल्टन चक्र लावतात. चाकाच्या कडेला ओंजळीसारखे कप असतात, त्यावर पाण्याची धार आदळते. मुलांना घरी करता येतं. गोल पुठ्ठा, त्याच्या कडेला प्लास्टिकचे अर्धे चमचे, मधून विणकामाची सुई. नळाखाली धरा. बाईंच्या त्या वायरवाल्या मुलाला हे काम द्या.

दुसरी गोष्ट मोठी आहे. लोक म्हणतात जलविद्युत जुनी झाली, आता सौर. उलट आहे. सौर दुपारी भरपूर आणि संध्याकाळी सातला शून्य. आणि मुंबईत संध्याकाळी सातला काय होतं? सगळे घरी, पंखे, मिक्सर, टीव्ही, लोकल खचाखच. मग दुपारची वीज ठेवायची कुठे? पाणी वर चढवून ठेवायची. दुपारी खालच्या तळ्यातलं पाणी पंपाने वरच्या तळ्यात, संध्याकाळी सोडायचं खाली. चार युनिट घालाल तर साधारण तीन परत मिळतात. एक जातं. पण नाहीतर चारही जातात.

रायगडमधल्या भिऱ्याला असं १५० मेगावॉटचं युनिट कित्येक वर्षं चालू आहे. घाटघरला २५० मेगावॉटचं आहे, तिथे वरचं तळं घाटमाथ्यावर नगरच्या हद्दीत आणि खालचं शहापूर तालुक्यात चोंढ्याला. आणि २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी करार केलाय, भिवपुरीला १००० आणि शिरवट्याला १८०० मेगावॉटचा. हे सगळं पुन्हा त्याच कड्यावर. सपाट प्रदेशात हे करायला आधी डोंगर बांधावा लागेल.

मुळशीची_नात

मधे बोलते, रागावू नका. 'स्वच्छ ऊर्जा' म्हणून मुलांना घाटाखालचे नळ दाखवणार असाल, तर वर काय झालं तेही सांगा.

माझ्या आजीचं माहेर मुळशी धरणाखाली गेलं. भिऱ्याच्या वीजघरासाठी. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्याचे पुढारी. बायका-मुलं कामावर जाऊन बसायची. आजीची आई पण बसली होती, असं आजी सांगायची आणि सांगताना नेहमी तांदळावर यायची. "आमचा आंबेमोहर शिजला की तीन घरं ओलांडून वास जायचा." धरण झालंच. १९२७ ला भिरा सुरू झालं. मुंबईला वीज मिळाली आणि आमच्या वाड्यांवर दिवा यायला पुढे कित्येक वर्षं गेली.

मी धरणाच्या विरोधात लिहीत नाहीये. मी स्वतः ठाण्यात राहते आणि फ्रीज वापरते. पण त्या मुलाने प्लग शोधला ना, तसाच हाही शोधू द्या.

बेसाल्टकाका

ताई, बरोबर आहे तुमचं. मी नळावर थांबलो, तळ्यावर गेलोच नाही. एकतीस वर्षं विद्यार्थ्यांना त्या तळ्यांच्या काठाला नेलं, थरांचे उतार मोजायला लावले आणि तळ्याखाली काय आहे हे एकदाही बोललो नाही. बाई, हे जरूर सांगा.

अलिबागचा_पांढरा_कांदा

एक मजेदार जागा सुचवतो. अलिबागची चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं काम आधी मुंबईत कुलाब्याला चालायचं. मग ठरलं की मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार. विजेचा प्रवाह रुळांतून वाहिला की जवळची चुंबकसुई बिथरते, मोजमाप संपलं. म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा आमच्याकडे अलिबागला आणली आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेच्या ट्राम धावल्या. विजेने भूशास्त्राला शहराबाहेर हाकललं म्हणा ना. गंमत म्हणजे इमारतीला आमच्या इथला काळा दगड चालला नाही, कारण त्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्येच, मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, सुई त्यालाच भुलेल. म्हणून पोरबंदरचा दगड आणला.

विज्ञान दिनाच्या आसपास विचारून बघा. आणि गिल्बर्ट हिलला जाताना साधं होकायंत्र न्या. कातळाला चिकटवून धरा आणि मग दहा पावलं लांब.

घारापुरी_लाँच

सगळ्यांत सोपं राहिलंच की. गेटवेवरून घारापुरीची लाँच. एका तासात मुंबईची अख्खी ऊर्जेची कुंडली समोरून जाते. जवाहर द्वीपाचा तेलाचा धक्का, त्याच्याकडे येणारे टँकर, तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) औष्णिक केंद्राची उंच धुराडी, अणुभट्ट्यांचे घुमट, पलीकडे उरण, जिथे बॉम्बे हायचा गॅस किनाऱ्याला लागतो. तुर्भ्याचं पहिलं युनिट आणि अप्सरा अणुभट्टी दोन्ही १९५६ चं, आणि बॉम्बे हायला तेल लागलं १९७४ ला. आणि उतरलात की बेसाल्टमध्ये कोरलेली लेणी. सोमवारी बंद असतात एवढं लक्षात ठेवा.

भूगोलबाई_विक्रोळी

लाँच म्हटलं की आमच्या मुख्याध्यापिका पेन खाली ठेवतात. पाण्यावरची सहल मंजूर होणार नाही, पण मी माझ्या भाच्याला घेऊन जाणार हे नक्की. अप्सरा आणि तुर्भे एकाच वर्षी, हे माहीत नव्हतं.

काका, गिल्बर्ट हिल आणि खोपोली ठरलं. खोपोली लोकल ठाण्याहून पकडू.

पालक_भांडुप

वज्रेश्वरी-गणेशपुरी का नाही? गरम पाण्याची कुंडं. खाली लाव्हा आहे, त्यावर वीज करता येईल. परदेशात करतात.

बेसाल्टकाका

खाली लाव्हा नाहीये हो! आमच्या मुलांच्या तोंडी परीक्षेत दर वर्षी हेच उत्तर यायचं आणि मी दर वर्षी कपाळाला हात लावायचो. दख्खनचा लाव्हा कधीच निवला. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथे जमीन मुळातच गरम असते, पाणी तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. पालघरपासून राजापुरापर्यंत कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे. पनवेलजवळ थर पश्चिमेला कलतात, तिथून ही भेगाळ पट्टी जाते. पाणी अंघोळीला छान, पण टर्बाईन फिरवायला ऊन पाणी पुरत नाही, चांगली वाफ लागते. भारतात या कामासाठी लडाखमधल्या पुगाकडे बघतात.

पण सुचवणी उत्तम आहे. कुंडाकुंडाचं तापमान वेगळं भरतं. मुलांना मोजायला लावा.

एमएस्सी_दुसरं_वर्ष

बेसाल्टमध्ये कार्बन डायऑक्साइड पुरण्याबद्दल कोणीच बोललं नाही? आइसलँडमध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला. २०१६ मध्ये जे निष्कर्ष आले त्यानुसार ९५ टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांच्या आत दगड झाला होता. बेसाल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह त्याच्याशी जुळतं आणि कार्बोनेट तयार होतं. आपल्याकडे तर महाराष्ट्राच्या बहुतेक भागात बेसाल्ट पसरलाय. आयआयटी मुंबईत कार्बन पकडण्यावर काम करणारं राष्ट्रीय केंद्रही आहे.

शाळेत दाखवायला सोपा प्रयोग: बेसाल्टच्या पोकळीत पांढरं कॅल्साइट (हेही कार्बोनेटच) भरलेलं असतं. त्यावर प्रयोगशाळेतलं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल एक थेंब टाका. फसफसलं की समजायचं, दगडात अडकलेला वायू सुटतोय. नुसत्या काळ्या दगडावर टाका, काही होत नाही.

भूगोलबाई_विक्रोळी

(तीन आठवड्यांनी)

जाऊन आलो. दोन्ही ठिकाणी. वृत्तांत द्यायचं कबूल केलं नव्हतं, पण न दिल्यास काका रागावतील.

गिल्बर्ट हिलला पोचलो तेव्हा खालच्या बाजूला एक बाई दोरीवर चादरी वाळत घालत होत्या आणि त्या चादरींच्या मागून तो कातळ वर गेलेला. मुलं गप्प झाली. ४६ मुलं एकदम गप्प झालेली मी परीक्षेतही पाहिलेली नाहीत. मग एकाने दगडाला हात लावून विचारलं, "बाई, हा गरम होता?" हो रे बाबा, होता.

बाजू मोजल्या. पाच, सहा, पाच, सहा, एक चार बाजूंचा. "बाई, पुस्तक चुकीचं आहे." मी म्हटलं, पुस्तक चुकीचं नाही, पुस्तकवाल्याने सोपं केलंय. पायऱ्या चढताना दोघांना धाप लागली, शिपाईमामांना जास्त. होकायंत्र एकच होतं, त्याची सुई कातळाजवळ थोडी सरकली आणि लांब गेल्यावर परत आली. मोबाईलमधली तीन होकायंत्रं मात्र तीन दिशा दाखवत होती, त्याचा दोष मी बेसाल्टला देणार नाही. मंदिरात साखरफुटाणे मिळाले.

खोपोलीचा शनिवार वेगळाच गाजला. ठाण्याला लोकल आली आणि ४६ मुलं एका डब्यात चढवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. नऊ मुलं आणि गणिताचे सर फलाटावर राहिले. ते कर्जतपर्यंत मागच्या गाडीने आले, पुढे टेम्पोने. आम्ही पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी मोजत खोपोलीला पोचलो आणि वाट बघत बसलो. त्या वेळात मी मुळशीच्या ताईंची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली. तांदळाच्या वासाशी आल्यावर एक मुलगी म्हणाली, "आमचं पण गाव कोयनेत गेलं. बाबा सांगतात." सतरा वर्षं कोयना प्रकल्प शिकवलाय मी. वर्गात बसलेल्यांपैकी कुणाचं गाव त्याखाली आहे, हे विचारलं नव्हतं कधी.

आत जायची परवानगी वेळेत आली नाही. पत्र उशिरा पाठवलं, चूक माझीच. त्यामुळे नळ बाहेरूनच. आणि खरं सांगते, पहिल्यांदा मुलांची निराशा झाली. "एवढंच? पाइप?" पवनचक्कीसमोर निदान फोटो तरी निघाला होता. मग झाडाखाली बसवून काकांचं गणित दिलं. गणिताचे सर तोपर्यंत घामाघूम होऊन पोचले होते, त्यांनी काडीचीही मदत केली नाही, मुलांनीच सोडवलं. १.३६ आल्यावर तो वायरवाला मुलगा उठला आणि नळाकडे बघत राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "म्हणजे बाई, वीज पाण्यात नाहीये, उंचीत आहे." टरबाईनवाले दादा, चमच्यांचं चक्र त्यानेच केलंय, नळाखाली फिरतं, त्यावर एलईडी लावायचा त्याचा विचार आहे.

पण त्या दिवसाचा मान कन्नमवार नगरमधल्या एका मुलीचा. पंप वापरून पाणी वर साठवायची ती कल्पना मी सांगत होते. नीट जमत नव्हतं, दुपार, संध्याकाळ, वरचं तळं, खालचं तळं, माझाच गोंधळ उडाला होता. ती म्हणाली, "बाई, आमचा वॉचमन रोज पहाटे पंप लावून गच्चीवरची टाकी भरतो. दिवसभर पाणी आपोआप खाली येतं. म्हणजे तो पहाटेची वीज टाकीत भरून ठेवतो." मी दादांची अख्खी पोस्ट छापून नेली होती. ती बॅगेतच राहिली.

दुसऱ्या मुलाने लगेच हिशेब मांडला की मग टाकीच्या नळाला चक्र लावलं तर बिल कमी येईल. पंचविसावा हिस्सा आठवून स्वतःच गप्प बसला.

एमएस्सीवाल्या दादा किंवा ताई, कॅल्साइटचा प्रयोगही झाला. पांढऱ्यावर फसफस, काळ्यावर काही नाही, अगदी लिहिल्याप्रमाणे. आता प्रत्येकाने खिशातून एक एक दगड आणलाय, सगळे प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवलेत. शिपाईमामा रोज म्हणतात, हे कधी हलवणार.

स्वच्छतागृह स्टेशनवरचंच वापरलं. त्याबद्दल लिहीत नाही.

दोन्ही मिळून दर मुलामागे ३४४ रुपये लागले. ५६ उरलेत आणि मुलं वज्रेश्वरीचं टुमणं लावून बसलीत, बहुतेक अंघोळीसाठी. मुख्याध्यापिकांना मी 'तापमान मापन' असं लिहून दिलंय. काका, थर्मामीटर कुठला नेऊ? घरात तापाचे दोन आहेत.

बेसाल्टकाका

तापाचा नेऊ नका, तो ४२ ला संपतो आणि पाऱ्याचा असेल तर फुटेल. प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा न्या, सुतळी बांधून. आणि मोजून झाल्याशिवाय कुणालाही पाण्यात पाय घालू देऊ नका.